खुराड्यातली घरघर आणि कारखान्याचे काम

उसात हुमणी दिसली की सभासद दुसऱ्या दिवशी सकाळी गट ऑफिसच्या दारात उभा असतो. म्हैस चारा खाईना झाली की रात्री डॉक्टरला फोन जातो. कोंबडी मात्र चोच उघडी टाकून घरघरत बसली तर आपण म्हणतो, "थंडी बाधली असेल, हळदीचं पाणी पाजा." चौथ्या दिवशी खुराडे रिकामे होते.

हे आम्ही दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. मागच्या हिवाळ्यात आमच्याच दारच्या चौदा कोंबड्यांपैकी तीन उरल्या. आधी एक कोंबडी मान लांब करून श्वास ओढू लागली. आम्ही हळद पाजली आणि पाण्याच्या पाळीला शेतात गेलो. तिसऱ्या दिवशी हिरवट-पांढरी हगवण, मग दोघींच्या माना पिळल्यासारख्या वाकड्या. त्याच गडबडीत आलेल्या पाहुण्यांना आम्ही एक धडधाकट दिसणारी तलंग प्रेमाने बांधून दिली. आठवड्याने त्यांच्या वाडीवरूनही तोच निरोप आला. रोग आमच्या हातानेच तिकडे गेला, हे कबूल केलेले बरे.

मान वाकडी करणारा हा रोग म्हणजे मानमोडी, ऊर्फ राणीखेत. उत्तराखंडातल्या कुमाऊँ भागातील राणीखेतवरून त्याला आपल्याकडे हे नाव पडले. गंमत अशी की मोठ्या कोंबड्यांना टोचतात ती आर-टू-बी लसही त्याच डोंगरातल्या मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत तयार झाली, आणि तीही गेल्या शतकात, स्वातंत्र्याच्या आधी. म्हणजे लस आपल्या आजोबांच्या काळापासून आहे. खुराड्यापर्यंत मात्र अजून धड पोचलेली नाही.

प्रत्येक घरघर मानमोडीची नसते, हेही समजून घेतले पाहिजे. महिनाभर रेंगाळणारी सर्दी, डोळ्यात फेस, अंडी कमी, पण मरतूक थोडी, असे असेल तर तो बहुधा जुनाट श्वासरोग. तोंड एका बाजूने सुजून नाकातून घाण वास येत असेल तर तो कोरायझा. या दोहोंवर औषध आहे, पण ते डॉक्टरने सांगितलेले आणि सांगितले तितके दिवस. मेडिकलमधून माणसांच्या कॅप्सूल आणून पाण्यात फोडायची खोड सोडावी. औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगेल तितके पुढचे दिवस ती अंडी पोराबाळांच्या ताटात जाता कामा नयेत.

आणखी एक कारण आपल्या गव्हाणीपलीकडचेच आहे. खुराड्यात अंथरायला बगॅस स्वस्त आणि मऊ, म्हणून पुष्कळजण नेतात. कोरडे असेल तर उत्तम. पण ओलसर ढिगातले, काळी-हिरवी बुरशी धरलेले बगॅस पिलांखाली घातले तर ती बुरशी फुप्फुसात जाते आणि पिले धापा टाकून मरतात. त्याला औषध नाही. बगॅस उन्हात वाळवून घ्यावे, ओले झाले की बदलावे. खुराड्यात वाकून पाहिल्यावर आपल्याच डोळ्यांना झोंबत असेल तर कोंबडी रात्रभर तेच हुंगते, एवढे लक्षात ठेवावे.

मात्र दोन-तीन दिवसांत पटापट माना टाकल्या तर अंदाज बांधत बसू नये. मानमोडी आणि बर्ड फ्लू वरून पाहून ओळखता येत नाहीत. ते प्रयोगशाळेचे काम. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नवापूरला सापडला. तेव्हा मेलेल्या पक्ष्याला उघडा हात लावू नये, आजारी कोंबडी कापू नये, बाजारात नेऊ नये आणि मेलेली कालव्यात किंवा उसाच्या फडात तर मुळीच टाकू नये. सरकारी दवाखान्याला कळवावे. २००९ च्या कायद्याने ते मालकाचे कर्तव्यच आहे. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही.

आता आमचे खरे म्हणणे. मानमोडी एकदा आली की तिच्यावर औषध नाही. काय ते आधीच्या लशीत. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब, पुढे दोन महिन्यांची झाली की पंखाखाली आर-टू-बीचे इंजेक्शन. मग अडते कुठे? लशीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या धनिणीने ती कुपी आणून नव्वद मात्रा कुठे ओतायच्या? एकट्याने न होणारे काम दहाजणांनी मिळून करण्यासाठीच आपण शेअर्स घेतले ना? २००२ साली उसावर लोकरी मावा आला तेव्हा एकेकट्याच्या पंपाने तो हटला नाही. गावोगाव मित्रकीटक सोडावे लागले, आणि त्या कामात कारखाने उतरले. मग खुराड्याच्या बाबतीत शेतकी खात्याने हात झटकायचे कारण काय?

वेळही ठरलेली हवी. गळीत हंगामाला तोडणीच्या टोळ्या येतात तेव्हा गाडीतून संसाराबरोबर चार कोंबड्याही येतात. दहा गावांच्या कोंबड्या कोप्यांच्या तळावर एकत्र होतात आणि शेजारच्या वस्तीवर चरतात. काहीजण टोळ्यांनी रोग आणला म्हणून मोकळे होतात. आम्हाला ते पटत नाही. पुष्कळदा आपल्या वाडीतला रोग त्यांच्या डालग्यात शिरत असेल, आणि मग त्यांची कोंबडी मेली तर विचारायला कोण जातो? म्हणून गावातले लसीकरण मोळीपूजनाच्या आधी तीन आठवडे उरकावे, आणि टोळ्या उतरल्या की तळावरच्या निरोगी कोंबड्यांनाही त्याच आठवड्यात टोचावे. आजारी दिसेल ती वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. तिला लस देऊन उपयोग नाही, उलट अपाय होतो.

याला खर्च किती? एक बर्फपेटी, गट ऑफिसची जीप, पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून ठरवलेले दोन दिवस. शिकवून तयार केलेल्या गावच्याच दोन पोरी हे काम करतील. डोळ्यावर चष्मा मात्र असावा. लशीचा थेंब उडाला तर माणसाचेही डोळे लाल होतात.

उसाचे बिल सभासदाच्या खात्यावर जाते. अंड्याचा पैसा घरातल्या बाईच्या हातात राहतो. त्यातून मीठ-मिरची येते, वह्या येतात, कधी बसचे भाडे निघते. ती बहुतेक घरी सभासद नाही, म्हणून तिची तक्रार वार्षिक सभेत येत नाही. यंदाच्या सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. अनुमोदनाला कोण उभे राहणार, ते सभासदांनी घरी विचारून यावे.