शब्दाची जात आणि शब्दाचे काम

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गेल्या सत्रात एक लहानसा प्रसंग घडला. अर्थशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकातील ‘द फर्म रॅन अप अ लार्ज डेट’ या वाक्याचा अर्थ मी विचारला. एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, “पेढी मोठ्या कर्जावर धावत चढली.” वर्ग हसला, मला मात्र हसू आले नाही. कारण हा विद्यार्थी मठ्ठ नव्हता. इंग्रजीतील शब्दयोगी अव्ययांची यादी त्याला तोंडपाठ होती, तीत ‘अप’ हा शब्द होता, आणि म्हणूनच त्याने ‘अप’चा संबंध पुढच्या नामाशी जोडला होता. त्याची चूक अज्ञानातून आलेली नव्हती. आम्हीच दिलेल्या ज्ञानातून आलेली होती.

क्रियाविशेषण कोणते आणि शब्दयोगी अव्यय कोणते, हा प्रश्न आपल्याकडे यादी पाठ करून सोडविण्याचा समजला जातो. वस्तुतः ‘अप’, ‘डाउन’, ‘इन’, ‘ऑफ’ या शब्दांना जन्मजात अशी जात नाही. ‘ही रॅन अप द हिल’ या वाक्यात ‘अप’ टेकडीशी बांधलेले आहे. म्हणून ते शब्दयोगी. ‘प्राइसेस वेंट अप’ या वाक्यात त्याच्यापुढे नामच नाही, तेथे ते क्रियापदाला साथ देते, म्हणून क्रियाविशेषण. खरी फसगत होते ती ‘ही रॅन अप अ बिल’ येथे. नाम पुढे असूनही ‘अप’ त्याचे नाही. ते क्रियापदाचे आहे, आणि दोहोंचा मिळून अर्थ होतो देणे वाढवून ठेवणे. याची कसोटी सोपी आहे. नामाच्या जागी सर्वनाम घालून पाहावे. टेकडीच्या बाबतीत ‘रॅन अप इट’ असेच म्हणावे लागेल. बिलाच्या बाबतीत मात्र ‘रॅन इट अप’. जे अव्यय सर्वनामाला ओलांडून पलीकडे जाते, ते नामाचे नसून क्रियापदाचे असते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. साखरेचे एक पोते घरी आले तर ती अंतिम वस्तू. तेच पोते मिठाईवाल्याकडे गेले तर मध्यवर्ती वस्तू. साखर तीच असते. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना आपण वस्तूचा उपयोग विचारतो, तिचे कूळ विचारत नाही. व्याकरणातही तेच करावयाचे असते.

मराठी मुलाला तर ही गोष्ट परकी असण्याचे कारणच नाही. ‘मुले बाहेर खेळतात’ आणि ‘मुले घराबाहेर खेळतात’ ही दोन वाक्ये तो रोज बोलतो. पहिल्यातील ‘बाहेर’ क्रियाविशेषण, दुसऱ्यातील शब्दयोगी अव्यय. आपल्या भाषेत नामाचे सामान्यरूप होते आणि अव्यय त्याला चिकटते, त्यामुळे भेद डोळ्यांनाच दिसतो. इंग्रजीत तो दिसत नाही, शोधावा लागतो. त्याहून मागे गेले तर पाणिनीनेही एकच ‘अनु’ किंवा ‘प्रति’ धातूशी जोडला असता त्याला उपसर्ग म्हटले आणि स्वतंत्रपणे नामाशी संबंध दाखवीत असता कर्मप्रवचनीय म्हटले. नाव कामावरून द्यावे, हा विचार आपल्या परंपरेत अडीच सहस्र वर्षांच्या आसपास नांदतो आहे. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. इतका वारसा असताना इंग्रजीच्या तासाला मराठी व्याकरणाची आठवणही काढू नये, हे आश्चर्य आहे.

यात आणखी एक गोम आहे. ज्या उत्तराला आपण गुण देतो वा कापतो, त्याविषयी पंडितांतच एकमत नाही. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ सालीच असे मांडले, की एकच क्रियापद कधी सकर्मक तर कधी अकर्मक असते, तरी आपण त्याला क्रियापदच म्हणतो; मग ‘इन’ या शब्दापुढे नाम असले वा नसले म्हणून त्याची जात का बदलावी? हडल्स्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणाने ‘ही वेंट इन’ यातील ‘इन’ला शब्दयोगी अव्ययच मानले आहे. म्हणजे शाळेत ज्या उत्तराला शून्य मिळते, ते एका मान्यवर ग्रंथाच्या दृष्टीने बरोबर ठरते!

यावर काही जण म्हणतील, मग व्याकरण सोडूनच द्या. भाषा कानांनी येते. ज्या घरात इंग्रजी बोलले जाते, तेथे येतही असेल. महाराष्ट्राने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. पण खेड्यातील शाळेला इंग्रजी ऐकणारा कान शासकीय आदेशाने मिळत नाही. ज्याच्याजवळ तो कान नाही, त्याला नियमाचाच आधार. व्याकरण काढून टाकल्याने सुखवस्तू घरातील मुलाचे काही बिघडत नाही. बिघडते ते पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याचे. माझ्या वर्गातील तो मुलगा अशाच घरातून आला आहे, आणि उद्या कर्जाचा करारनामा त्याला इंग्रजीतच वाचावा लागणार आहे.

म्हणून सूचना एवढीच, की परीक्षेत सुटा शब्द देऊन त्याची जात विचारू नये. एकाच शब्दाची दोन वाक्ये द्यावीत, दोहोंचा अर्थ मराठीत लिहावयास सांगावे आणि तो शब्द कोणाशी बांधलेला आहे, एवढेच विचारावे. गुण नावाला नव्हे, अर्थाला द्यावेत. यासाठी नवे अनुदान लागत नाही, नवे पुस्तकही लागत नाही. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी एकदा एका टेबलाशी बसावे लागेल, इतकेच.