सुडो लाव, होईल!

लिनक्सवर काहीही अडलं की आपल्याकडे एक रामबाण सल्ला तयार असतो. "सुडो लावून बघ." पायथनचं पॅकेज बसत नाही? सुडो लाव. जुनं पॅकेज काढता येत नाही असं पिप म्हणतंय? 'इग्नोर-इन्स्टॉल्ड' लाव. तरीही नाही? आता तर खास ऑप्शनच आहे, त्याचं नाव 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस'. नावातच लिहिलंय की सिस्टिम मोडेल! डीपीवरची कवटी बघून कुणी आत हात घालत नाही, पण हे मात्र लोक बिनधास्त कॉपी-पेस्ट करतात आणि वर पुढच्याला सांगतात, "माझं तर चाललं बुवा."

मला या सल्लागारांचा राग येतो. विचारणाऱ्यांचा नाही, ते बिचारे अडलेले असतात.

आता घरच्या मंडळींसाठी थोडं सोपं करून. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमनी मिळून वापरायचा तयार कोड. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखा. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाला शॉवरला जोर हवा म्हणून त्याने परस्पर सगळ्यांचा पंप बदलला, तर तळमजल्यावरचे पाइप फुटणारच. सुडो पिप म्हणजे तो परस्पर बदललेला पंप.

डेबियन-उबुंटूसोबत पायथन येतो तो आपल्या प्रोजेक्टसाठी येत नाही हो. फायरवॉल सांभाळणारं यूएफडब्ल्यू, नवी रेपॉझिटरी जोडणारी कमांड, चुकीचं टाइप केलं की "तुम्हाला हे म्हणायचंय का?" असं विचारणारा तो आगाऊ प्रोग्रॅम, हे सगळे सिस्टिमच्याच पायथनवर चालतात. उबुंटूत टर्मिनल उघडणारी फाईलसुद्धा कित्येक वर्षं पायथनची स्क्रिप्ट होती. डीफॉल्ट पायथन बदलणाऱ्यांचं टर्मिनलच उघडेनासं व्हायचं ते त्यामुळे.

आणि घराला कारभारी दोन. ॲप्टने बसवलेल्या लायब्रऱ्या एका फोल्डरात, सुडो पिपने बसवलेल्या दुसऱ्या, 'लोकल' फोल्डरात. पायथन आधी लोकलमध्ये बघतो. म्हणजे ॲप्टच्या हिशोबी सगळं जागच्या जागी असतं आणि प्रत्यक्षात सिस्टिमची साधनं भलत्याच आवृत्तीवर चाललेली असतात. हे आजच मोडेल असंही नाही. तीन महिन्यांनी मोडेल, तेव्हा त्या सुडोची आठवणही नसेल, आणि शिव्या मात्र उबुंटूला.

२०२३ च्या सुरुवातीला माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर हेच झालं. उबुंटू २०.०४. कॉलेजच्या प्रॅक्टिकलचा झेरॉक्स कागद, त्यातली पहिलीच ओळ सुडो पिप इन्स्टॉल. क्रिप्टोग्राफी नावाचं पॅकेज नवंकोरं आलं, त्यावर अवलंबून असलेलं पायओपनएसएसएल मात्र उबुंटूचं जुनंच राहिलं. जुनं जे नाव शोधत होतं ते नव्यातून काढून टाकलेलं. गंमत म्हणजे खुद्द पिपच सुरू होईना, मग दुरुस्ती करायची कशाने? सबमिशन दोन दिवसांवर. "मावशी, फॉरमॅट मारू का?"

फॉरमॅट कशाला? एररचा तो लांबलचक मजकूर शांतपणे वाचायचा. प्रत्येक ओळीत फाईलचा पूर्ण पत्ता असतो. एक पत्ता ॲप्टच्या फोल्डरातला, दुसरा लोकलमधला, म्हणजे चोर सापडला. लोकलमधलं क्रिप्टोग्राफीचं फोल्डर हाताने काढलं, मागची ॲप्टची प्रत वर आली, पिप चालू. अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं त्याची समजूत काढण्यात.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की या डिस्ट्रोवाल्यांच्या लायब्रऱ्याच मुळात शिळ्या. अहो, आकडा जुना म्हणजे माल शिळा नव्हे! आवृत्ती तीच ठेवून सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच जुन्या कोडमध्ये आणून बसवायच्या, हे डेबियनचं कित्येक वर्षांचं व्रत आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड उघड झाला, तेव्हा एक पॅकेज अपडेट करून सर्व्हिस रीस्टार्ट केल्या की त्यावर चालणाऱ्या सगळ्यांचं भोक एकदम बुजलं. (सर्टिफिकेटं बदलायची कटकट वेगळी.) उलट डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरजे आठवा. प्रत्येक जावा ॲप्लिकेशनच्या पोटात आपापली प्रत. ती कुठे कुठे लपलीय हे शोधण्यातच लोकांच्या नाताळच्या सुट्ट्या गेल्या. ज्याने त्याने आपापलं घेऊन हिंडावं, हे ऐकायला स्वातंत्र्य वाटतं खरं...

बरं, नवं हवं असेल तर सोय नाही का? आहे की. व्हेंव्ह पायथनमध्ये २०१२ पासून आहे. प्रोजेक्टला स्वतंत्र खोली द्या, तिथे हवी ती आवृत्ती ठेवा, सुडोही लागत नाही. साधी गरज असेल तर ॲप्टचंच तयार पॅकेज घ्या. २०२३ मध्ये डेबियन १२ ने पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये ढवळाढवळ करायला थेट मनाई केली, आणि त्या एररमध्येच हे दोन्ही मार्ग लिहून दिले. इतका सज्जन एरर मी दुसरा पाहिला नाही! आणि आपल्या सल्लागारांनी काय केलं? तो वाचू नये म्हणून ऑप्शन पाठ करून ठेवला.

व्हेंव्हमध्ये एक मेख आहे, तीही सांगते. तिथल्या प्रती तुमच्या, तेव्हा त्या अपडेट करण्याची जबाबदारीही तुमची. ॲप्ट तिकडे फिरकणार नाही. दर महिन्याला एकदा बघायला लागतं, आणि हे सुडोवाले कधीच सांगत नाहीत.

असो. भाच्याने तो झेरॉक्स सरांना दाखवला. सर म्हणाले, "आमच्या लॅबमध्ये तर चालतं." यंदाच्या बॅचलाही तोच कागद मिळालाय.