परिचारिकेने आणखी किती शिकायचे?

गेल्या पावसाळ्यात एका धर्मग्रामाच्या शिक्षण-निधीची सभा होती. निमंत्रित म्हणून मीही तेथे बसले होते. अभियांत्रिकीचे, संगणकशास्त्राचे, व्यवस्थापनाचे अर्ज एकामागून एक वाचले गेले आणि फारशी चर्चा न होता मंजूर झाले. शेवटचा अर्ज एका परिचारिकेचा होता. बी.एस्सी. नर्सिंग होऊन अतिदक्षता विभागात सहा वर्षे काढलेली ही मुलगी एम.एस्सी. करू इच्छीत होती. अर्ज वाचून होताच समितीतले एक ज्येष्ठ सद्‌गृहस्थ हसून म्हणाले, "नर्सला एवढं शिकून करायचंय काय? इंजेक्शन तर ती आताही देतेच की!" सभेत हशा पिकला. दुसरे एक सभासद म्हणाले, "परदेशी जायचं असेल तर आहे ती पदवी पुरते." 'पुढील वर्षी विचार व्हावा' असा शेरा मारून अर्ज बाजूला ठेवण्यात आला.

चौतीस वर्षे रुग्णालयात काढून, परिसेविका म्हणून निवृत्त झालेली मी त्या क्षणी गप्प बसले. त्या मौनाची मला लाज वाटते. म्हणून हा लेख.

तो हशा कुणा एका गृहस्थाचा असता तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. पण त्या हशात आपण सारे सामील आहोत. आपल्या समाजाला आपल्या परिचारिकांचा अभिमान आहे. परिचारिका-दिनी आपण त्यांना वेदीपुढे उभे करतो, गुलाबाचे फूल देतो, प्रवचनात त्यांना 'दयेच्या देवदूत' म्हणतो. मात्र या कौतुकाच्या मुळाशी एक समजूत दडलेली असते: परिचर्या हे हृदयाचे आणि हातांचे काम आहे, डोक्याचे नव्हे. देवदूताला पदव्युत्तर शिक्षणाची गरज नसते आणि वेतनवाढीचीही नसते. कौतुकाच्या या भाषेने परिचारिकेचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे उघड अवहेलनेनेही केले नसेल.

ज्या बाईच्या नावाने आपण तो दिवस साजरा करतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलचेच उदाहरण घ्या. तिच्या हातातला दिवा सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्या टेबलावरचे आकडे किती जणांना ठाऊक आहेत? क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मरतात हे तिने आकडेवारीने आणि आकृत्यांनी सिद्ध केले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने सभासद म्हणून निवडलेली ती पहिली स्त्री. आधुनिक परिचर्येचा पाया घालणारी ही स्त्री आधी अभ्यासक होती. आणि १८५४ साली तिच्याबरोबर गेलेल्या अडतीस परिचारिकांपैकी दहा जणी कॅथलिक धर्मभगिनी होत्या, ही गोष्टही आपण विसरतो. बर्मंडसी येथील मठाच्या मदर मेरी क्लेअर मूर या तिच्या अत्यंत विश्वासातल्या सहकारी होत्या. सेवा आणि शिस्तबद्ध ज्ञान यांची फारकत त्या भगिनींनी मानली नाही.

पुढचा इतिहास आपल्याच घरातला आहे. एके काळी ख्रिस्तसभेच्या नियमांनुसार धर्मभगिनींना वैद्यकीचा, विशेषतः प्रसूतिशास्त्राचा व्यवसाय करण्यास मज्जाव होता. या उपखंडात पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत आणि बाळंतपणात जीव गमावीत. डॉक्टर ॲना डेंगल यांनी रावळपिंडीत हे डोळ्यांनी पाहिले, १९२५ साली वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापला आणि रोमकडे पाठपुरावा चालू ठेवला. फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने तो मज्जाव उठवला. एवढेच नव्हे, तर भगिनींनी त्या विषयाचे रीतसर शिक्षण घ्यावे असे सांगितले. प्रार्थना आणि प्रेम यांच्या जोडीला विद्या नसेल तर बाळंतीण मरते, हे त्या वेळी मान्य झाले. एवढ्या वर्षांनंतर आपली शिक्षण-निधी समिती मात्र विचारते, नर्सला एवढे शिकून करायचे काय!

काय करायचे, ते सांगते.

फार वर्षांपूर्वीची एक रात्र मी विसरू शकत नाही. पोटाची शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस झालेला एक पन्नाशीचा गृहस्थ आमच्या वॉर्डात होता. रात्रपाळीला नुकतीच पदविका घेतलेली एक मुलगी होती. दहा वाजता त्याचा श्वास मिनिटाला अठरा होता, बाराला चोवीस झाला, दोनला अठ्ठावीस. तो थोडा असंबद्ध बोलू लागला होता. लघवीही फार कमी झाली होती. मुलीने ड्यूटीवरच्या डॉक्टरांना दोनदा फोन केला. "पेशंट बरा वाटत नाही, सर," एवढेच तिला सांगता आले. थकलेल्या डॉक्टरांनी ताप विचारला. ताप उतरलेला होता. "मग सकाळी बघू," असे उत्तर आले. सकाळी त्याला अतिदक्षता विभागात हलवले. तिसऱ्या दिवशी तो गेला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता.

तो वाचलाच असता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या मुलीच्या हातातल्या कागदावर सारे लिहिलेले होते. वाढता श्वास, ढळते भान, आटलेली लघवी: ही तिन्ही चिन्हे एकत्र आली तर त्यांचा अर्थ काय आणि ताप उतरणे अशा वेळी दिलासा न ठरता धोक्याची खूण का ठरू शकते, हे तिला कुणी शिकवले नव्हते. आणि कळले असते तरी "सर, तुम्ही आत्ता या, आला नाहीत तर मी मोठ्या डॉक्टरांना कळवते" असे म्हणण्याचा अधिकार तिला कुणी दिला नव्हता. पदव्युत्तर परिचर्या-शिक्षणात प्रगत शरीरविकृतिशास्त्र, औषधशास्त्र आणि रुग्णपरीक्षण शिकवतात ते या पहिल्या उणिवेसाठी. व्यवस्थापन आणि नेतृत्व शिकवतात ते दुसऱ्या उणिवेसाठी. नेतृत्व म्हणजे मेट्रनच्या खुर्चीत बसणे नव्हे. रात्री दोन वाजता कुणी कुणाला बोलवायचे याचा लेखी नियम करून घेणे, एका परिचारिकेवर किती रुग्ण सोपवायचे हे व्यवस्थापनाला आकड्यांनिशी पटवणे, नव्या मुलीच्या चुकीवर ओरडण्याऐवजी ती चूक कोणत्या व्यवस्थेतून घडली हे शोधणे, याला नेतृत्व म्हणतात. आणि हे शिकावे लागते.

हा केवळ माझा अनुभव नाही. युरोपातील नऊ देशांच्या तीनशे रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेवरील भार एका रुग्णाने वाढला की रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली आढळली. आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल तेथे ती सात टक्क्यांनी कमी आढळली. हा अभ्यास पहिल्या पदवीविषयी आहे, पदव्युत्तर पदवीविषयी नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. पण 'नर्सच्या शिक्षणाने रुग्णाला काय फरक पडतो?' या प्रश्नाचे उत्तर त्यात निश्चित आहे.

आता विरुद्ध पक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा. "एम.एस्सी. झालेली नर्स रुग्णाजवळ राहतेच कुठे? ती नर्सिंग कॉलेजात पाठ्यनिर्देशिका होते. आम्ही पैसे द्यायचे आणि खाटेजवळचे दोन कुशल हात जायचे!" हा आक्षेप खरा आहे. १९५९ साली दिल्लीत या देशातील पहिला पदव्युत्तर परिचर्या अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हापासून ही वाट बव्हंशी वर्गाकडेच गेली आहे. पण दोष कुणाचा? आपल्या बहुतेक रुग्णालयांत अधिक शिकलेल्या परिचारिकेसाठी खाटेजवळ पदच नसते. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका ही शिडी मुख्यतः सेवाज्येष्ठतेने चढायची. दोन वर्षे आणि काही लाख रुपये खर्चून परतलेल्या मुलीला पुन्हा त्याच पायरीवर, त्याच पगारावर उभे केले, तर ती कॉलेजात जाईल नाही तर काय करील?

दुसरा मार्ग जगाला ठाऊक आहे. १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून 'नर्स प्रॅक्टिशनर' घडवण्याचा उपक्रम सुरू केला: रुग्ण तपासणारी, निर्णय घेणारी, तरीही परिचारिकाच राहणारी. आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास अतिदक्षता परिचर्येतील 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. त्याचा मोठा भाग वर्गात नसून रुग्णाच्या खाटेजवळ पार पडतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही अशा परिचारिकांचा संवर्ग निर्माण करण्याचा उल्लेख आहे. म्हणजे अभ्यासक्रम आहे आणि धोरणही आहे. उणीव आहे ती पदाची; आणि ते पद निर्माण करणे आपल्या मिशन रुग्णालयांच्या हातात आहे. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागेल असे मला वाटत नाही.

येथे कुणी म्हणेल, "पद म्हणजे पगार. मिशन रुग्णालय गरिबांचे. एवढा पगार कुठून द्यायचा? नर्सने सेवाभाव ठेवावा." सेवाभावाचा हा उपदेश मी आयुष्यभर ऐकला आहे. क्ष-किरण यंत्राच्या कंपनीला कुणी असा उपदेश केल्याचे मात्र ऐकले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावे आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तेथे ते राज्य शासनाच्या बरोबरीने असावे, अशी शिफारस केली. आपल्या संस्थांनी आपली वेतनपत्रके काढून या शिफारशीशेजारी ठेवून पाहावीत. दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण मुलांना शिकवतो. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. म्हणजे जखमेला काय लागते हे त्याला ठाऊक होते. आणि पुढची शुश्रूषा ज्याच्यावर सोपवली, त्या उतारशाळेच्या माणसाच्या हातावर त्याने दोन दिनार ठेवले, वर लागेल तो खर्च देण्याचे वचनही दिले. शुश्रूषा फुकट व्हावी अशी अपेक्षा त्याने धरली नाही.

आईबापांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. "बाई, वय वाढतंय, आता शिक्षण पुरे," हे वाक्य मुलीला एम.एस्सी.च्या वेळीच का ऐकावे लागते? मुलाच्या एम.बी.ए.च्या वेळी घरातले दिनदर्शिकेकडे पाहत नाहीत. आणि परदेशाचे म्हणाल, तर आखातात वा युरोपात गेलेल्या मुलींना मी बोल लावणार नाही. त्यांच्या पैशांवर आपली किती घरे उभी राहिली आणि किती भावंडे शिकली, हे आपण जाणतो. पण येथे मान नाही, पद नाही, वेतन नाही, म्हणून त्या गेल्या, हेही जाणावे. पंख असल्याबद्दल पाखराला दोष देऊन काय उपयोग?

परिचारिका भगिनींनो, तुमच्यावरही माझा एक रोष आहे. पदवी केवळ भिंतीवर लावण्यासाठी किंवा वॉर्डातून सुटका व्हावी म्हणून घेऊ नका. शिकून आलेल्या परिचारिकेने धाकट्या मुलींना कमी लेखले, खाटेजवळ जाणे कमीपणाचे मानले, तर त्या सभेतला हशा आपणच खरा ठरवू.

मागणे तीनच आहेत. धर्मग्रामांच्या शिक्षण-निधीत परिचर्येच्या पदव्युत्तर शिक्षणाला इतर शिक्षणाइतकाच हक्क असावा. प्रत्येक मिशन रुग्णालयाने निदान एक पद असे निर्माण करावे की जेथे अधिक शिकलेली परिचारिका अधिक अधिकाराने आणि अधिक वेतनावर रुग्णाजवळच राहील. आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापन समितीत परिचारिकेला जागा असावी. चहा देण्यापुरती नव्हे, मत देण्यापुरती.

त्या मुलीला मी भेटले. तिने अर्ज मागे घेतलेला नाही. येत्या जूनमध्ये समिती पुन्हा बसेल, तेव्हा तो पुन्हा वाचला जाईल. या खेपेस मीही तेथे असेन, आणि गप्प बसणार नाही. वाचकहो, आपल्याही धर्मग्रामात अशी एखादी समिती असेल, असा एखादा अर्ज असेल. तो वाचला जाईल तेव्हा आपण हसणार आहात की बोलणार आहात, एवढे आधी ठरवून ठेवा.