मोरचूद जाते कुठं?

शिवारपाणी : काटोलकर

मृगाच्या आधी काटोल-नरखेडच्या कृषी केंद्रांत मोरचुदाची पोती येऊन पडतात. संत्र्याच्या खोडाला डिंक्या लागू नये म्हणून पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा बोर्डो पेस्ट लावायची, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. फवारायचं असेल तर तेच 100 लिटरात. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवायचं, मग तिसऱ्यात एकत्र ओतत लाकडी काठीनं ढवळायचं. शेवटी विळ्याचं पातं द्रावणात बुडवून बघायचं. पातं तांबूस झालं तर चुना कमी पडला, अजून घाला. पात्यावर चढलेली ती लाली म्हणजे तांबं. बागाईतदाराला तांबं डोळ्यांनी दिसतं ते तेवढंच. त्यानंतर ते पानावर, खोडावर, मातीत जातं आणि आपल्या हिशोबातून कायमचं उतरतं.

आज तो हिशोब मांडू. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. 6 बाय 6 मीटरवर लागवड असेल तर एकरी 110 झाडं बसतात. मोठ्या झाडाला 10 लिटर द्रावण धरलं तर एका फवारणीला 11 किलो मोरचूद लागतं, म्हणजे पावणेतीन किलो तांबं. हेक्टरी जवळपास 7 किलो. युरोपीय संघानं 2019 पासून शेतीतल्या तांब्याला मर्यादा घातली आहे : सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी 4. आपली एक दांडगी फवारणी हा वर्षाचा कोटा ओलांडून जाते, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडची पुडी यात धरलेलीच नाही. इतर बरीच औषधं उन्हानं, मातीतल्या जिवाणूंनी हळूहळू तुटतात. तांबं मूलद्रव्य आहे, ते तुटत नाही. पडलं तिथं राहतं, नाहीतर मातीबरोबर वाहून जातं.

आपली काळी, चुनखडी जमीन तांब्याला घट्ट धरते. पाण्यात ते फारसं विरघळत नाही, चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटून बसतं. त्यामुळे विहिरीचं पाणी तपासलं तर बहुधा काही सापडणार नाही. पण जुलैत तासाभरात तीन-चार इंच पाऊस कोसळला की बागेतला तोच बारीक कण आधी निघतो. धुऱ्यावरून नाल्यात, नाल्यातून जाम नदीत, जलालखेड्याकडे वर्धेत. तिथून पुढं प्राणहिता, गोदावरी, आणि शेवटी आंध्रातल्या कोरिंगाची खारफुटी आणि काकिनाड्याची खाडी, जिथं शिंपले वेचून पोट भरणारी माणसं आहेत. काटोलचं तांबं काकिनाड्याच्या शिंपल्यात पोचलं असं मी म्हणत नाही. वाटेत अप्पर वर्धा आहे, दौलेश्वरमचा बांध आहे, गाळ ठिकठिकाणी अडतो. पण समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्यांचा शिंपल्यांशी काय संबंध, या प्रश्नाचं उत्तर फ्रान्समध्ये मिळून चुकलं आहे, आणि तेही नेमकं बोर्डोतच.

बोर्डो मिश्रणाचा जन्म त्या शहराजवळच्या द्राक्षमळ्यांतला. 1882 मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेली केवड्यातून वाचल्या आहेत. येणारेजाणारे द्राक्षं तोडतात म्हणून मळेवाल्यांनी त्यांवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडलेलं होतं. 1885 मध्ये त्यानं कृती छापली आणि ती जगभर गेली. चोरांसाठी केलेली युक्ती आपल्या संत्र्याच्या खोडापर्यंत आली, हे मला नेहमीच गमतीचं वाटतं.

त्या मळ्यांना लागूनच जिरोंद नदीमुख आहे. फ्रान्सनं 1979 पासून किनाऱ्यावरची कालवं आणि शिंपले नियमानं तपासायला घेतले, तेव्हा जिरोंदच्या कालवांत कॅडमियम भलतंच जास्त निघालं. शिंपल्यांचं शरीरच असं की ते दिवसभर पाणी गाळतात, त्यातला कण न् कण पोटात घेतात आणि धातू अंगात साठवत राहतात. पाण्याच्या बाटलीत जे हाती लागत नाही ते कालवाच्या मांसात सापडतं. म्हणून अमेरिकेतल्या गोल्डबर्ग या शास्त्रज्ञानं 1975 मध्येच सुचवलं होतं, की समुद्राची तब्येत बघायची तर शिंपले तपासा.

माग काढत गेल्यावर कळलं की कॅडमियमचा उगम किनाऱ्यावर नव्हताच. तो होता साडेतीनशे किलोमीटरहून अधिक आत, देकाझव्हील या कोळशाच्या गावाजवळच्या जस्ताच्या कारखान्यात. तिथल्या राखेच्या आणि मळीच्या ढिगांवरून पावसाचं पाणी एका ओढ्यात, ओढा लोत नदीत, लोत गारोन्नमध्ये. जस्त गाळणं 1980 च्या दशकातच थांबलं. तरी 1996 मध्ये जिरोंदमधल्या कालवांच्या शेतीवर बंदी घालावी लागली. गाळणं थांबलं, पण लोतवरच्या बंधाऱ्यांमागे कॅडमियमचा गाळ साचून होता, आणि दर पुराला त्यातला थोडा सुटत होता. ज्यांनी कालवं वाढवली त्यांनी देकाझव्हील कधी पाहिलंही नसेल.

बोर्डोपासून जवळच आर्काशों नावाचं खाजण आहे, कालवांसाठी नावाजलेलं. तिथं 1970 च्या दशकाच्या शेवटी कालवांची पिल्लंच धरेनात, मोठ्यांचे शिंपले जाड आणि वेडेवाकडे झाले. कारण निघालं बोटींच्या बुडाला लावायचा कथिलयुक्त रंग. 1982 मध्ये फ्रान्सनं 25 मीटरहून लहान बोटींना तो बंद केला आणि कालवं पुन्हा धरू लागली. पण बोटींना दुसरा रंग लागणारच. तो तांब्याचा आला, आणि पुढच्या वर्षांत आर्काशोंच्या कालवांतलं तांबं वाढत गेल्याचं तिथल्याच शास्त्रज्ञांनी 1993 मध्ये लिहिलं. कथिलापेक्षा तांबं बरं, हे खरंच. पण शंख-शिंपल्यांच्या कुळाला तांबं सोसत नाही. खोडावर बोर्डो लावलं की गोगलगाय चढत नाही, ती त्याच कुळातली.

शेजारचे एक बागाईतदार मला म्हणाले, ‘भाऊ, मोरचूद नाही लावलं तर झाडच जाते. शिंपल्याचं काय घेऊन बसता?’ त्यांचं खरं आहे. डिंक्यानं दहा-बारा वर्षांची बाग दोन हंगामांत गेलेली मीही पाहिली आहे, आणि मोरचूद बंद करा असं सांगणारा मी कोणी नाही. पेस्टवर माझा आक्षेपही नाही. ती खोडाला लागते, थोडकीच लागते आणि कामाची आहे. आक्षेप आहे तो ‘एक हात मारून ठेवा’ म्हणून अख्ख्या बागेवर उडवल्या जाणाऱ्या फवाऱ्यावर. रोग दिसत नाही, अंदाज घेतलेला नाही, दुकानदारानं सांगितलं म्हणून पंप पाठीवर घेतला.

यात सरकारी कागदाचाही वाटा आहे. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजतात, त्यांत तांबंही आहे. पण तिथं ते जस्त-लोहाच्या पंगतीत, पोषक म्हणून बसलेलं आहे. पत्रिका बघते ती कमतरता. सगळा विचार ‘किती घालायचं’ याचा. तीस-चाळीस वर्षं बोर्डो खाल्लेल्या जमिनीला ‘आता थांबा’ असं सांगणारी रेघ त्या कागदावर हवी. प्रयोगशाळा तीच, नमुना तोच, यंत्र तेच. वाढवायचा आहे फक्त एक आकडा. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. आपल्या जमिनीसाठी हा आकडा त्यांनी सुचवावा आणि कृषी विभागानं तो छापावा, यात अवघड काय आहे?

नागपूर जिल्ह्यात धातू म्हटलं की सगळ्यांना कोराडी-खापरखेड्याची राख आठवते, आणि आठवलीच पाहिजे. जुलै 2022 मध्ये कोराडीचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला, राखेचा लोंढा शेतांत आणि नाल्यांत शिरला. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं, पारा असतो आणि तिथल्या नद्या नागपूरला पाणी पाजणाऱ्या कन्हानकडे जातात. ते प्रकरण तांब्याहून कितीतरी भारी, त्यावर वेगळं लिहीन. इथं एवढंच की राखेचा दोषी लांबून दिसतो, त्याची चिमणी दिसते. हजारो बागांतून थोडं थोडं निघणाऱ्या तांब्याला चिमणी नाही.

आणि आपला गाळ काकिनाड्याला जाईल तेव्हा जाईल, तो आधी आपल्याकडेच परत येतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 मध्ये सुरू झाली. उन्हाळ्यात तलाव उघडा पडला की जेसीबी लागतो आणि ट्रॅक्टर भरभरून काळा गाळ शेतात पडतो. चांगली योजना आहे, हलक्या बरड्या जमिनीचं तिनं सोनं होतं. पण ज्या तलावाच्या वर सगळा संत्र्याचा पट्टा आहे, त्याचा गाळ म्हणजे त्याच बागांची धुपून आलेली वरची माती. तो भाजीपाल्याच्या वाफ्यात किंवा नव्या कलमांच्या खड्ड्यात टाकण्याआधी एकदा तपासून घ्या. नमुना एका जागचा नको. पाणी येतं त्या तोंडाशी जाड रेती बसते, तिथं धातू कमी सापडेल. बारीक चिकण भिंतीजवळ बसते, तिथून हातभर खोल खणून घ्या, मधून एक वेगळा घ्या, आणि पिशव्यांवर जागा लिहा. ग्रामपंचायतीनं तलावागणिक तीन पिशव्या मे महिन्याच्या आत पाठवल्या तर ट्रॅक्टर लागायच्या वेळेला आकडा हातात असेल. पिशवीवर ‘तांबे, कॅडमियम, शिसे’ असं ठळक लिहून द्या, नाहीतर नत्र-स्फुरद-पालाशचा कागद हातात पडेल.