तलफ अर्ध्या तासाची

प्रश्न : आम्ही बंगळुरूला राहतो. उपचारानंतर पतींनी तीन महिने दारूला स्पर्श केला नाही, पण पगाराच्या दिवशी पुन्हा पिऊन आले. मी माहेरी निघून जाऊ का?

उत्तर : घाई करू नका, उपचार वाया गेलेले नाहीत. पगाराचा दिवस, जुने मित्र, बारची पाटी यांनी महिनोन्‌महिन्यांनंतरही तलफ उठते. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट यांनी तिला लाटेची उपमा दिली. ती चढते, पण दाद न दिल्यास बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ निभावायचा. पगाराच्या संध्याकाळी त्यांना घ्यायला तुम्हीच ऑफिसवर जा, घरी वेगळ्या रस्त्याने या. टोमणे नकोत. निम्हान्सच्या व्यसनोपचार विभागात दोघे जा. तलफ कमी करणारी औषधेही मिळतात. मारहाण होत असेल तर मात्र आजच माहेरी जा.