रेडियम नसलेलं रेडियम

साताऱ्यात काय नि सांगलीत काय, रस्त्याकडेला 'रेडियम आर्ट'ची एखादी टपरी सापडतेच. गाडीवर 'आईचा आशीर्वाद' तिथेच चिकटवून मिळतो. आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये तर अशा नटलेल्या गाड्यांचं प्रदर्शनच आहे! पण मित्रांनो, त्या स्टिकरमध्ये रेडियमचा कणही नसतो. हेडलाइटचा प्रकाश पडला की तो परत फेकायचा, एवढंच त्याचं काम. खरं रेडियम क्यूरी पती-पत्नींनी १८९८ मध्ये शोधलं. घड्याळाच्या काट्यांवर ते रात्रभर चमकायचं. ते काटे नि आकडे रंगवताना ब्रशला ओठांनी टोक काढणाऱ्या अमेरिकेतल्या कित्येक मुलींचे जबडे १९२० च्या दशकात सडले, काही जणी गेल्या.

गंमत बघा. रेडियमची पाटी आपण हौसेने लावतो आणि 'रेडिएशन' म्हटलं की दचकतो. साताऱ्याच्या माझ्या आत्याला कुणीतरी सांगितलं की हल्ली मसाल्यांना किरण मारतात. "अगं, मग ते किरण भाजीतून पोटात नाही का जायचे?" प्रश्न अगदी रास्त आहे. माझं स्पष्ट मत आहे की फर्स्ट इयरला फिजिक्स सोडवलेल्या प्रत्येकाला याचं उत्तर मराठीत देता आलं पाहिजे. (मी कॉन्व्हेंटची. 'किरणोत्सर्ग' म्हणताना माझीही जीभ वळत नाही. तरीसुद्धा!)

तर उत्तर. १९३४ मध्ये मेरी क्यूरींची मुलगी इरीन आणि जावई फ्रेडरिक जोलिओ यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. मारा थांबवला, तरी पत्रा किरण सोडतच राहिला! अल्फा कण केंद्रकात घुसून अ‍ॅल्युमिनियमचा किरणोत्सर्गी फॉस्फरस झाला होता. १९३५ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. आजचा कोबाल्ट-६० याच वाटेवरचा. साध्या कोबाल्टने अणुभट्टीत एक न्यूट्रॉन गिळला की तो तयार. मसाल्यांसाठी असा प्लँट वाशीला २००० साली सुरू झाला, आणि कांद्यासाठी लासलगावला २००२ मध्ये.

मग हळद त्या पत्र्यासारखी का होत नाही? कारण कोबाल्टच्या गॅमा किरणांची ताकद १.१७ आणि १.३३ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. हळदीतल्या कार्बनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उडवायचा तर १८ च्या वर लागतात. केंद्रकाला धक्काच लागत नाही. जंतूंचा डीएनए मात्र तुटतो. मसाल्यांना ६ ते १४ किलोग्रे डोस देतात. १० किलोग्रे म्हणजे किलोमागे १० किलोज्यूल, एवढ्यात पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापेल. हे सगळं काही आत्याला सांगितलं नाही. "तुझ्या हाताचा एक्स-रे काढला होता, तो हात आता किरण सोडतो का?" एवढंच विचारलं. तिला पटलं.

सांगली म्हणजे हळदीची पेठ. हळद शिजवतात, उन्हात वाळवतात, त्यात धूळ आणि जंतू येणारच. ते मारायला इथिलीन ऑक्साइड हा गॅसही वापरतात, आणि तो कॅन्सरकारक आहे. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांवर बोट ठेवलं ते याच गॅसवरून. पण गॅसच्या नावाने आमच्या घरात कुणी दचकलेलं मी पाहिलं नाही.

म्हणून कोबाल्टला घाबरूच नका, असं नाही. २०१० मध्ये दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात एका विद्यापीठाचं जुनं यंत्र विकलं गेलं, आत कोबाल्ट-६० तसाच. एकाचा जीव गेला. काळजी घ्यायची ती तिथे, हळदीच्या डब्यापाशी नाही.

आता स्टाफला एक विनंती. यंदाची इंडस्ट्रियल व्हिजिट वाशीला न्या ना, सर! येताना लोणावळ्याची चिक्की घेताच येईल.