विश्लेषण : श्वासागणिक बुरशी आत जाते, तरी फुप्फुसात ती वाढत का नाही?

पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरा थर चढतो, दोन दिवस विसरलेल्या पावावर हिरवट ठिपके उमटतात. ज्यांतून हे सारे उगवते ते बुरशीचे बीजाणू घरातल्या हवेत बारा महिने असतात. ‘ॲस्परजिलस फ्युमिगॅटस’ या एकाच बुरशीचे शेकडो बीजाणू माणूस रोज श्वासावाटे आत घेतो, असे मानले जाते. फुप्फुसात ऊबही आहे आणि ओलही. मग पावावर दोन दिवसांत जे घडते ते फुप्फुसात वर्षानुवर्षे का घडत नाही? याचे उत्तर समजले, की २०२१ मध्ये काय चुकले आणि टीबीच्या रुग्णांबाबत आजही काय चुकते आहे, तेही लक्षात येते.

बीजाणू किती आत जातात?

मोठे कण नाकातले केस आणि शेंबूड अडवतात. त्यातून सुटलेले श्वासनलिकेच्या चिकट अस्तराला चिकटतात. या अस्तरावरचे सूक्ष्म केस सतत वरच्या दिशेने हलत असतात आणि कचरा घशाकडे ढकलतात. तो खोकून बाहेर पडतो किंवा गिळला जाऊन पोटातल्या आम्लात संपतो. ॲस्परजिलसचा बीजाणू मात्र जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचा. तो हे सारे चुकवून थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे जिथे प्राणवायू रक्तात मिसळतो तिथपर्यंत पोहोचतो. शरीराचे ३७ अंश तापमान बहुतेक बुरशींना सोसत नाही, पण कुजणाऱ्या कंपोस्टच्या गरम ढिगात वाढणाऱ्या या बुरशीला त्याचे काहीच वाटत नाही.

तिथे पहारा कोणाचा?

वायुकोशांत भक्षक पेशी कायम फिरत असतात. गंमत अशी, की सुप्त बीजाणूवर पाणी न धरणाऱ्या प्रथिनाचे पातळ आवरण असते आणि ते शाबूत असेपर्यंत प्रतिकारशक्ती फारशी खवळत नाही. हे सोयीचेच आहे. रोजच्या प्रत्येक बीजाणूसाठी सूज आली असती, तर श्वास घेणेच अशक्य झाले असते. बीजाणू पाणी शोषून फुगू लागला, रुजण्याच्या बेतात आला, की आवरण फाटते आणि आतले ‘बीटा ग्लुकन’ उघडे पडते. हा पदार्थ मानवी शरीरात तयार होत नाही. भक्षक पेशींवरचा ‘डेक्टिन-१’ हा ग्राहक रेणू तो लगेच ओळखतो. देवघरातल्या उदबत्तीला गप्प राहणारा, पण पडद्याने पेट घेताच वाजणारा अलार्म असावा, तशी ही रचना.

मग भक्षक पेशी बीजाणू गिळून मारते आणि रासायनिक हाक देऊन ‘न्यूट्रोफिल’ या पांढऱ्या पेशींना बोलावते. बुरशीचा तंतू गिळण्यापलीकडे लांबला असेल, तर न्यूट्रोफिल त्याला घेरून विषारी रसायने सोडतात. प्रसंगी स्वतःच्या डीएनएचे जाळेही त्यावर फेकतात. बुरशीला वाढण्यासाठी लागणारे लोह शरीर प्रथिनांत बांधून ठेवते, ते वेगळेच. निरोगी माणसाला यातले काही जाणवतही नाही.

पहारा कशाने उठतो?

रक्ताच्या कर्करोगावरील केमोथेरपीने न्यूट्रोफिल घटतात, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतात. तिथे डॉक्टर सावध असतात. खरी अडचण स्टेरॉइडची. ते भक्षक पेशींची बीजाणू मारण्याची ताकद कमी करते आणि रक्तातली साखरही वाढवते.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत हेच झाले. म्युकरमायकोसिसचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण देशात नोंदले गेले. तो प्रामुख्याने नाक, सायनस आणि डोळ्यांचा आजार होता, पण ढासळलेला पहारा हाच होता. साखर अनियंत्रित होऊन रक्त आम्लधर्मी झाले, की बांधलेले लोह सुटते आणि म्युकरला आयतेच खाद्य मिळते. समाजमाध्यमांवर मात्र चर्चा होती कांद्यावरच्या काळ्या थराची आणि फ्रिजच्या रबराची! डेक्सामेथासोनचा फायदा प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांनाच होतो, हे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीतून जून २०२० मध्येच समोर आले होते. एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनीही सौम्य आजारात स्टेरॉइड घेण्याविरुद्ध मे २०२१ मध्ये इशारा दिला. तरी घरी असलेल्या रुग्णांना या गोळ्या दिल्या गेल्या. कांद्याला दोष देणे सोपे होते.

टीबी बरा झाला, खोकला का गेला नाही?

याची चर्चा तर त्याहून कमी होते. टीबीने फुप्फुसात पोकळी पडली, तर औषधांनी जंतू मरतात, पोकळी मात्र राहू शकते. तिथे झाडलोट करणारे अस्तर धड उरलेले नसते आणि पहारेकरी पेशीही नीट पोहोचत नाहीत. बीजाणू रुजतात, कधी तंतूंचा गोळाच तयार होतो. खोकला, वजन घटणे, थकवा, थुंकीतून रक्त ही लक्षणे हुबेहूब टीबीची. एक्स-रेमध्ये पोकळीही दिसते. मग थुंकीत टीबीचा जंतू सापडला नसतानाही रुग्णाला पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू होऊ शकतात. त्यातले रिफाम्पिसिन हे औषध बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी पार खाली आणते. म्हणजे निदान तर चुकतेच, खरे औषधही निकामी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. १९ बुरशींच्या त्या यादीत ॲस्परजिलस फ्युमिगॅटस सर्वांत वरच्या गटात आहे. ॲस्परजिलसविरोधी प्रतिपिंडांची रक्तचाचणी उपलब्ध आहे. ती आजार नसलेल्यांतही कधी सकारात्मक येते, त्यामुळे सीटी स्कॅनसोबतच तिचा अर्थ लावावा लागतो आणि खर्च वाढतो, हा आक्षेप रास्त आहे. पण जंतूचा पुरावा नसताना दुसऱ्यांदा दिलेले सहा महिन्यांचे उपचारही फुकट नसतात. उपचार पूर्ण झालेल्या ज्या रुग्णाला पुन्हा खोकला येतो आणि ज्याची थुंकी निर्दोष आहे, त्याच्यासाठी ही चाचणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्हायला हवी. ‘बरा झाला’ असा शेरा मारून कागद मिटवणे पुरेसे नाही.

रुग्णांनी काय करावे?

हे वाचून दम्याचा इनहेलर बंद करू नये. त्यातील स्टेरॉइडची मात्रा कमी असते. वापरल्यावर चूळ भरली, की तोंडात बुरशी होण्याचा धोका घटतो. बरेच दिवस चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्याही मनाने अचानक थांबवू नयेत, त्याने जिवावर बेतू शकते. नव्याने सुरू होत असतील, तर आधी साखर तपासली का आणि गोळ्या किती दिवस घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारावे. जुनी चिठ्ठी दाखवून औषध दुकानातून त्या पुन्हा आणू नयेत. आणि पूर्वी टीबी होऊन गेलेल्याच्या थुंकीत रक्त दिसले, तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे, जुन्या एक्स-रेसह.